चुरण्याच्या दिवसांतलं नाक

दिवाळी झाली, गावागावांत मंडई भरू लागली की आमच्या घरी शिंकांचाही हंगाम लागतो. पहिली शिंक माझी. मग सलग दहा-बारा. डोळे चोळून चोळून लाल होतात, टाळूला खाज सुटते, नाक तर फुटलेल्या पाटासारखं वाहते. शेजारचे हसतात, "काकाजी उठले वाटते!"

चाळीस वर्षं मी याला सर्दीच म्हणत आलो. पण सर्दी आठ-दहा दिवसांत निघून जाते. ही धान चुरून घरात येईपर्यंत हलत नाही, आणि खळं उठलं की औषधावाचून गायब. आमच्या अर्जुनी मोरगाव भागात इटियाडोहाच्या पाण्यावर उन्हाळी धानही होतो. म्हणजे चुरणं वर्षातून दोनदा, आणि माझं नाकही दोनदा.

ॲलर्जी हा शब्द घरात आणला सुनेने. ती बारावी शिकलेली. तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं, की रात्रीचा जागल्या जसा कधी रानडुक्कर समजून घरच्याच वासराला काठी मारतो, तसं अंग धुळीला शत्रू समजून तिच्यावर तुटून पडते. धूळ म्हणजे नुसती माती नाही. धानाची कुसं, पानाचा भुगा, गवताचे पराग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बुरशी. बांधीत कडपा पडून असताना अवकाळी पाऊस आला की ती काळी पडते. असा धान थ्रेशरमध्ये गेला की मागून धुरासारखा लोट निघतो.

उपाय मी कमी केले नाहीत. तुळस-आल्याचा काढा घेतला, घशाला बरं वाटलं, शिंका तेवढ्याच. हळदीचं दूध रात्री घेतो, झोप चांगली लागते, एवढंच म्हणेन. कोणी म्हणालं, आपल्याच जंगलातलं मध खा, इथल्या फुलांची अंगाला सवय होते. एक हंगाम नवेगावबांधकडचं मध आणून खाल्लं. मध फार चांगलं होतं, नाक होतं तसंच राहिलं. कडूलिंबाच्या पाल्याची अन् ओव्याची धुरी घेतली त्या दिवशी तर खोकून खोकून पोट दुखलं. धुळीने चिडलेल्या छातीला वरून धूर देण्यात काय शहाणपण, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

खरा गुण आला तो मिठाच्या पाण्याने. पाणी चांगलं उकळून कोमट करायचं, ग्लासभर पाण्यात पाव चमचा मीठ, आणि टोटीच्या भांड्याने एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायचं. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. पण नाकातून जो काळा चिखल निघाला तो पाहून मीच चाट पडलो. मात्र हातपंपाचं कच्चं पाणी नाकात घालू नये, उकळलेलंच घ्यावं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थ्रेशर चालू होतं आणि माझा नातू, तेव्हा सात वर्षांचा, दिवसभर तनसाच्या ढिगावर उड्या मारत होता. रात्री त्याला खोकला लागला. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी म्हटलं, थंडी बाधली. ओव्याची पुरचुंडी शेकली, काढा पाजला, छातीला गरम तेल लावलं. सून दोनदा म्हणाली, "मामाजी, दवाखान्यात जाऊ." मी दोनदा म्हटलं, "थांब, उतरते." पोरगं उशीला टेकून बसलं होतं, त्याला आडवं होता येत नव्हतं. बोलायला गेलं की "आबाजी" एवढंही एका दमात निघेना. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. पोराला उचलून दारात उभी राहिली अन् नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढा."

दवाखान्यात यंत्राने तोंडावर औषधाची वाफ दिली. हळूहळू शिट्टी कमी झाली. डॉक्टर मला रागावले नाहीत. दमा उठला की फासळ्या आत ओढल्या जातात, बोलता येत नाही, ओठ निळे पडतात, मग घरी बसायचं नाही, एवढंच सांगितलं. फासळ्या ओढल्या जात होत्या. मी कंदील नाही, ट्यूबलाइटच्या उजेडात बसलो होतो आणि मला दिसलं नव्हतं.

आता त्याचा पंप दाराजवळच्या खुंटीला पिशवीत असतो. गावात म्हणतात, पंपाची सवय लागते. मीही म्हणत होतो.

त्या रात्रीनंतर मला माझी माय फार आठवली. आमच्या वेळी बैलांच्या पायाखाली धान चुरत. खळं आधी शेणाने सारवलेलं असे, त्यामुळे माती उडत नसे. बाबा उपणायला उभे राहत ते वारा पाहून, पाठीवर वारा घेऊन. वारा पडला तर सूप खाली ठेवत अन् बिडी काढत. नाकातोंडाला ओला दुपट्टा. आणि संध्याकाळी माय त्यांना घरात येऊ देत नसे. अंगणात फरशी होती, तिथे हंड्यातलं गरम पाणी, डोक्यावरून आंघोळ. धुळीचे कपडे बाहेरच्या दोरीवर. मला वाटायचं, हा लक्ष्मी घरात यायच्या आधीचा काही विटाळ-चांडाळ असेल. तिने कधी कारण सांगितलं नाही, कदाचित तिलाही कारण म्हणून माहीत नसेल. मायचा काढा तेवढा आम्ही लक्षात ठेवला. फरशी मात्र बाथरूम बांधताना मीच उखडून टाकली.

आणखी एक काम करतो. गाजर गवत फुलायच्या आधी, हातात मोजे घालून धुऱ्यावरून उपटतो. हे गवत आपल्याकडचं नाही, 1955 च्या सुमारास पुण्याकडे पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता कुठे नाही ते सांगा. रिकाम्या जागी तरोट्याचं बी फेकतो. तरोटा दाट झाला की त्याला वर येऊ देत नाही, आणि पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

मागच्या चुरण्याला थ्रेशरवाल्याला म्हटलं, यंत्र फिरव, लोट बायांच्या अंगावर येते. तो कुरकुरला, "काकाजी, ट्रॅक्टर पुन्हा लावायला अर्धा तास जाते." मी म्हटलं, जाऊ दे. कोरोनातले मास्क पेटीत पडून होते, ते वाटले. भारे देणारी एक बाई मास्क बांधताना म्हणाली, "इतकी वर्सं कोनी इचारलं नाही." मला उत्तर सुचलं नाही. माझ्या नाकाचं मी चाळीस वर्षं पाहत होतो. तिची छाती माझ्याच खळ्यावर धूळ खात होती.

नातू आता चुरण्याच्या दिवशी शाळेतून थेट मामाकडे जातो. फरशी मी घरामागे पुन्हा बसवली आहे, थोडी तिरपी बसली. सकाळी चुलीवर हंडा चढवतो आणि मगच थ्रेशरवाल्याला फोन लावतो.