क्षारपड रानानं बदललेलं मत

ग्रामीण कॉलेजानं उत्तम शिकवावं, संशोधनाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आणि स्टाफरूममध्ये, समित्यांमध्ये, नव्यानं लागलेल्या तरुण प्राध्यापकांपुढे मी हे मत आग्रहानं मांडत आलो. समोर बसलेली मुलं वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. त्यांना मोल संकल्पना नीट समजली तरी पुष्कळ. संशोधनाला पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. त्यात २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण मोजू लागले आणि शोधनिबंधांचा पूर आला. पैसे भरून छापलेले, कुणीच न वाचणारे निबंध पाहून माझं मत आणखी पक्कं झालं.

आज मी नेमकं उलटं म्हणतो.

वाळवा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं प्रकल्पासाठी घरच्या रानातली माती आणली. कृष्णाकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, आणि सखल टोकाला पांढरी खपली धरलेली. क्षारपड जमीन आमच्याकडे कुणाला नवी नाही. पाणी भरमसाट दिलं आणि निचरा झाला नाही की भूजल वर येतं, पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात. घरच्यांनी शेजारपाजारचं बघून जिप्सम टाकलं होतं. तपासणीत सामू साडेआठच्या आत निघाला आणि विद्युतवाहकता मीटरला चार डेसिसायमनच्या वर. म्हणजे जमीन क्षारयुक्त होती, चोपण नव्हती. जिप्सम लागतं ते चोपण जमिनीतलं सोडियम हटवायला. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला हवा असतो निचरा, आणि क्षार धुऊन नेणारं चांगलं पाणी. त्या घरानं जिप्समवर घातलेला पैसा वाया गेला होता.

पोरगा तिथं थांबला नाही. पावसाआधी, पावसानंतर, ऊस तुटल्यावर, तो त्याच जागेवरून, वेगवेगळ्या खोलीवरून माती आणत राहिला. क्षार कुठल्या महिन्यात वर चढतात, पाण्याच्या कुठल्या पाळीनंतर चढतात, हे आकड्यांतून दिसायला लागलं. माती परीक्षणाच्या कागदावर एका दिवसाचा एक आकडा असतो. वर्षभराची हालचाल कळायला त्या बांधावर वरचेवर जाणारं माणूस लागतं, आणि ते पुण्याहून येणार नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटली. सामू म्हणजे काय हे मी त्याला दोन वर्षं शिकवलं होतं. ते त्याला कळलं या कामात. संशोधनामुळे शिकवणं मागे पडतं, हा माझा युक्तिवाद त्या पोरानं निकालात काढला.

मग मी कर्मवीर भाऊराव पाटलांकडे नव्यानं पाहिलं. भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह उभं केलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिलं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. बहुजनांच्या मुलांनी आधी अक्षरं गिरवावीत, कॉलेजचं पुढं बघू, असं म्हणून ते थांबले असते तर? ‘आधी शिकू द्या, संशोधनाचं पुढं बघू’ हे माझं म्हणणं त्याच जातीचं होतं.

अशा संस्थेत संशोधन होऊ शकतं, याचा दाखलाही समोर होता. आपल्याकडे वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अमेरिकेतल्या टस्कीगीचं नाव घरोघरी पोचलं. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८८१ मध्ये निघालेली ती संस्था. तिथं मुलं राबून शिकत. १८९६ मध्ये संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरना बोलावलं, तेव्हा प्रयोगशाळेला साहित्य नव्हतं. त्यांनी भंगारातल्या बाटल्या-डब्यांतून ती उभी केली आणि कापसानं निकस केलेल्या जमिनीवर चवळी, भुईमूग, रताळी यांचे प्रयोग केले. हे काम गरीब शेतकऱ्यांच्या मुलांच्या संस्थेत झालं, कारण प्रश्न त्यांच्या दारातला होता. पण भंगारातून प्रयोगशाळा उभारण्याचं कौतुक करताना एक विसरू नये : ती वेळ त्यांच्यावर यायला नको होती. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या अशा शंभरेक संस्था आजही आहेत. तिथल्या विद्यापीठांच्या २०२५ च्या कार्नेगी वर्गीकरणात संशोधनाच्या सर्वोच्च श्रेणीत त्यांपैकी एकच होती, १८६७ साली स्थापन झालेलं हॉवर्ड विद्यापीठ. गुणवत्ता एकाच ठिकाणी होती असं मी मानत नाही. निधी आणि सवड बाकीच्यांना मिळाली नाही.

साताऱ्यात २०२१ मध्ये रयतचीच तीन कॉलेजं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, याचा म्हणूनच मला मनापासून आनंद आहे. पण विद्यापीठ झालं म्हणजे क्षमता आली, असं नाही. आमच्याकडे निधी आला की यंत्र येतं. ते चालवणारा माणूस नसतो, देखभालीचा करार संपतो, व्होल्टेज कमी-जास्त होऊन एखादा भाग जातो आणि यंत्रावर कापडाचं आच्छादन पडतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. वर परीक्षा, प्रवेश, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रं. तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकाला तर पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हेच माहीत नसतं. तो वर्षभर चालणारा प्रयोग हाती घेणार कसा?

शोधनिबंध मोजण्याला माझा विरोध अजून तसाच आहे. बदललं ते एवढंच की त्या रागापोटी मी संशोधनालाच दार लावलं होतं, ते आता उघडलं आहे. निधीच्या बैठकीत मला एकच यादी करायला सांगितली, तर मी तीत नवं यंत्र घालणार नाही. कायमस्वरूपी तंत्रसहायकाची जागा, संशोधन करणाऱ्या शिक्षकाला तासांत सवलत, रसायनांसाठी दरवर्षी न चुकता येणारी रक्कम, आणि मातीचे नमुने आणणाऱ्या पोरांना एसटीच्या पासासकट विद्यावेतन, हे मागेन. मोठ्या यंत्रावरची तपासणी कोल्हापूरच्या विद्यापीठात होऊ शकते, तिथं नमुने पाठवू.