फिल्टरशिवायची टाकी

जळगाव

ती. मामांस,


धुळ्यात उन्हाळाभर लाइट जात-येत असताना फिल्टर नसलेली माशांची टाकी ठेवणं म्हणजे मुक्या जिवांचे हाल करणं, असं तुम्ही लिहिलंत. तुमचा आक्षेप काळजीपोटी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मला वाटतं, आपल्या खानदेशात जास्त धोका विजेवर जगणाऱ्या टाकीलाच आहे. मासे अमोनिया सोडतात, फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. लाइट गेली की फिल्टरच्या बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि लाइट आल्यावर पंप तेच कुजलेलं पाणी माशांवर सोडतो. सगळं सुरळीत चाललं तरी नायट्रेट पाण्यातच साठत राहतं. पाणवनस्पतींचं तसं नाही. त्यातल्या बहुतेक नायट्रेटच्या आधी अमोनियमच उचलतात आणि त्याची पानं करतात. वाढलेली पानं छाटून फेकली की घाण खरोखर टाकीबाहेर जाते. शिवाय तेच जिवाणू पानांवर आणि वाळूवरही वाढतात, त्यांना वेगळं घर लागत नाही.

ही काही नवी टूम नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून हा समतोल मांडला, तेव्हा विजेचा पंप कुठून असणार? अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात त्याला मातीची जोड दिली: तळाला साधारण इंचभर साधी माती, वर तेवढीच जाड वाळू आणि पहिल्या दिवसापासून दाट लागवड. आणि इतक्या दूर तरी कशाला जायचं, आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्यांसाठी सोडतात ते गप्पी मासे सिमेंटच्या हौदात फिल्टरशिवायच पिढ्यान्‌पिढ्या जगतात.

तुमचा खरा मुद्दा उन्हाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो सातच्या आत येतो. त्यातच रात्री झाडं प्राणवायू सोडायची थांबतात आणि माशांबरोबर स्वतःही तो वापरतात. म्हणजे मे महिन्यातली पहाटेची वेळ सगळ्यात कठीण. दुसरी अडचण पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त, त्यामुळे त्याचा पीएचही बहुधा चढा. ३० अंशांना पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो, तोच पीएच ८ झाला की हे प्रमाण सात टक्क्यांच्या वर जातं. पण मामा, हे दोन्ही धोके फिल्टरच्या टाकीलाही तितकेच आहेत, उलट लाइट गेली की तिथे ते एकदम अंगावर येतात. माझ्या मते यातून निघणारा नियम एकच: टाकीत किती मासे ठेवायचे हे जानेवारीत पाणी गार असताना ठरवू नये, मेच्या पहाटेला जेवढे तगतील तेवढेच ठेवावेत. टाकी उंच आणि अरुंद नको, पसरट हवी, कारण हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून. गोल्डफिश तर नकोच, तो खातो फार आणि घाणही फार करतो. गुरामी चालेल, त्याला वरची हवा थेट घेता येते. जड पाण्याचा एक फायदाही आहे. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती त्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचा खर्च वाचतो.

काळ्या मातीबद्दल तुम्ही विचारलंत. ती अन्नद्रव्यं चांगली धरून ठेवते, पण फुगते आणि जरा हलली की पाणी गढूळ करते, म्हणून थर पातळ आणि वर वाळू जाड ठेवा. केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातली माती मात्र आणू नका. तिच्यात युरिया राहिला असेल तर त्याचा अमोनिया होतो आणि मासे मरू शकतात. पाणी कधीच बदलावं लागत नाही, असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि वरून भर घातली की ते वाढतच जातात. तेव्हा अधूनमधून थोडं पाणी काढून नवं घालावंच लागतं. नळाचं असेल तर आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं.

माझं ऐकाल तर आत्ता भर उन्हात टाकी लावू नका. जूनमध्ये पाऊस लागला की पन्हाळीचं पाणी धरा आणि बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळा. आधी नुसती झाडं लावा आणि ती फुटून पसरली की मगच मासे सोडा, तेही गप्पींचे पाच-सहा नरच, म्हणजे पिल्लावळ वाढणार नाही. पुढचा मे येईपर्यंत मुळं मातीत चांगली उतरलेली असतील. मामींना नमस्कार.

आपला,
भाचा