आरशावर भागत नाही

स्पिन कोटरवर काच भिरभिरत असते, मिनिटाला काही हजार फेरे. शिसं आणि आयोडीनचं पिवळं द्रावण तिच्यावर पसरतं, आणि नेमक्या सेकंदाला क्लोरोबेंझिन सोडावं लागतं. वेळ साधली तर थर काळपट तपकिरी होतो, त्यात चेहरासुद्धा दिसतो. चुकली तर दुधाळ डाग. ग्लोव्हबॉक्सच्या जाड हातमोज्यांतून हे करायला हात बसावा लागतो.

पण पेरोव्हस्काइटचा, म्हणजे शिसं-आयोडीनच्या या स्फटिकी थराचा, सौरघट बनवणाऱ्याचं आरशावर भागत नाही.

प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेपर्यंत पोचला, तर वीज. वाटेत एखाद्या दोषाच्या सापळ्यात अडकला, तर त्याच्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. गंमत अशी, की या पदार्थात आयोडीनच्या रिकाम्या जागा मुबलक असूनही बहुतेक सापळे उथळ. इलेक्ट्रॉनला ते फारसे अडवत नाहीत. सिलिकॉनचे स्फटिक वाढवायला 1400 अंशांवरची भट्टी लागते, हा थर 100 अंशांच्या हॉट प्लेटवर तयार होतो आणि तरीही चालतो. योकोहामात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने 2009 साली 3.8 टक्के कार्यक्षमता दाखवली होती. आज आकडा 26च्या पुढे आहे.

खरी नासाडी होते ती कडांवर. पृष्ठभागावर शिशाचे अणू जोडीदाराविना उघडे पडतात, कणांच्या सीमांवर रचना बिघडते. केंब्रिज आणि ओकिनावाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की खोल सापळे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, ठरावीक ठिकाणी घोळक्याने बसतात. म्हणून मग पृष्ठभागावर फेनिथाइलअमोनियम आयोडाइडसारख्या क्षाराचा हलका हात फिरवायचा. पितळेच्या पातेल्याला कल्हई, तसंच हे. जाड झाली तर तीच विजेची वाट अडवते.

हात बरोबर बसला का, हे कळतं थराच्या उजेडावरून. लेझर टाकला की तो स्वतः अगदी गडद लाल, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश देतो. इलेक्ट्रॉन सापळ्यांत कमी सांडले, तर उजेड जास्त. उजेड दहापट घटला, की व्होल्टेज सुमारे 60 मिलिव्होल्टने उतरतं. दिवा म्हणून जो थर नापास, तो सौरघट म्हणूनही बेताचाच.

एवढं करून दोष जागच्या जागी राहतील, तर शपथ! उन्हात आयोडाइडचे आयन सरकतात, नव्या जागा रिकाम्या होतात. आणि स्पर्धा आहे सिलिकॉनशी, ज्याच्या पॅनेलला 25 वर्षांची हमी मिळते. तेव्हा विक्रमाची बातमी वाचताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: घट किती चौरस सेंटिमीटरचा होता, आणि उन्हात किती तास टिकला?