उधन्याच्या रस्त्याचा पैलतीर

आमची आई अंत्रूज महालातली. देवळाची घंटा घरच्या ओट्यावर ऐकू यावी आणि परडीतली फुले न सांडता चार पावलांत देवापुढे पोचावे, एवढ्याच अंतराची तिला लहानपणापासून सवय. 1966 साली लग्न होऊन ती सुरतेस आली. त्याच वर्षी सुरतेच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, असे आमचे वडील मोठ्या गमतीने सांगत. जणू सूनबाईंच्या आगमनानेच शहरास ही बढती मिळाली. वडील उधना उद्योगनगरातील कापड रंगविण्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहीत. घर तिथेच, नवसारीकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अलीकडे. आणि विठ्ठल-रखुमाईचे देऊळ रस्त्याच्या पलीकडे. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंनी तापीखोऱ्याच्या रेल्वेने येऊन मागांवर राबणाऱ्या खानदेशी मंडळींनी वर्गणी काढून ते उभारलेले. कोकणी बोलणारी आमच्यासारखी घरे त्यांत दोन-चारच, पण पांडुरंगास भाषेचा काय भेद?

तो रस्ता तेव्हा रस्त्यासारखा होता. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाने कड धरायची. बैलगाड्या असत, सायकली असत, आणि आई हातात नैवेद्याची वाटी घेऊन त्यांच्या मधून सहज पलीकडे जाई. पुढे रस्ता वाढला, पुन्हा वाढला. एके वर्षी माहेरी राहून ती परतली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "हो रस्तो न्हय, पुता, न्हंय!" आमच्या मराठी वाचकांसाठी सांगावयाचे तर कोकणीत 'न्हय' म्हणजे नव्हे आणि 'न्हंय' म्हणजे नदी. हा रस्ता नव्हे, ही नदी आहे. तेव्हापासून आमच्या घरात त्या रस्त्याचे नाव 'न्हंय' असेच पडले आहे.

रुंदीचा हा सोस सुरतेस कोठून जडला, याचा विचार करताना मराठी माणसाने थोडे जपूनच बोलावे. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, 1670 मध्ये पुन्हा लुटली, आणि त्या धास्तीने शहराभोवती पक्का तट बांधला गेला. पुढे अठराव्या शतकात त्याच्या बाहेर दुसरा तट आला. उधना दरवाजा, सहारा दरवाजा, मान दरवाजा ही नावे त्याच बाहेरच्या तटाच्या वेशींची. तट पडले, वेशी गेल्या, आणि तटाच्या जागेवरून आजचा रिंग रोड धावू लागला. ज्या भिंतीने शहर अडविले होते तिच्याच जागी शहर पळविणारा रस्ता आला. मात्र पायी चालणाऱ्यास विचाराल तर त्याला आजही तिथे भिंतच लागते.

दुसरे निमित्त 1994 च्या प्लेगचे. त्या भयानंतर, 1995 साली आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची जी झाडलोट केली तिचे आजही नाव निघते. त्या मोहिमेत अतिक्रमणे पडली, रस्ते रुंद झाले. त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही; तुंबलेल्या गटारांच्या शेजारी आम्ही बालपण काढले आहे. परंतु रस्ता रुंद होतो म्हणजे नेमके कोणासाठी होतो, हा प्रश्न त्या उत्साहात कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. आमच्याजवळ तेव्हा नवी स्कूटर होती.

2014 च्या जानेवारीत उधना दरवाज्यापासून सचिनपर्यंत, सुमारे 10 किलोमीटर, बी.आर.टी.एस. सुरू झाली. रस्त्याच्या बरोबर मध्यावर बसगाड्यांसाठी राखलेल्या मार्गिका, दोहो बाजूंस कठडे, आणि मध्येच उंच फलाटाची स्थानके. पुढे हे जाळे शंभर किलोमीटरांच्या वर गेले. रस्त्याची उत्तम जागा, म्हणजे मधली, सर्वांच्या गाडीस देण्याची कल्पना आम्हास तेव्हाही पटली. आईस ती निराळ्याच कारणाने आवडली. पैलतीरास जाताना तिला विसाव्यास एक बेट मिळाले! दिव्याचा रंग पालटेपर्यंत अर्धाच रस्ता ओलांडून होतो. रस्ते आखणारे अभियंते चालणाऱ्याचा वेग सेकंदास 1.2 मीटर धरतात. गुडघे दुखणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या बाईचा तो नसतो. मग ती स्थानकात शिरते, सर्वांत कमी दराचे तिकीट काढते आणि कुठेही न जाता बाकावर बसते. दम खाल्ला की पुढचा अर्धा ओघ. त्या तिकिटांचा एक गठ्ठा तिच्या पोथीत खुणेसाठी ठेवलेला आहे.

आता जे सांगावयाचे ते सांगताना संकोच वाटतो. मार्गिका राखलेली असली तरी ती मोकळी दिसली की खासगी वाहने तीत घुसतात, हे सुरतकरांस नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात, पहाटेच्या काकड आरतीस येत असता, आमच्या देवळाचे वृद्ध हरिदास अशाच एका मोटारसायकलीखाली सापडले. बस येत नाही एवढे पाहून ते मार्गिकेत उतरले होते. मांडीचे हाड मोडले. नारदीय कीर्तन उभ्याने करावयाचे. ते आता खुर्चीवर बसून करतात, आणि पूर्वरंग संपताच थकतात. मंडळी त्या मोटारसायकलवाल्याला शिव्या देत होती. आम्ही गप्प होतो. त्या अपघाताच्या आठच दिवस आधी, कचेरीस उशीर होतो म्हणून, आम्ही आमची मोटार त्याच मार्गिकेत घातली होती. कोणी पाहिले नाही, दंड झाला नाही. हे आम्ही आजवर आईसही सांगितलेले नाही.

मंडळाच्या बैठकीत महापालिकेस अर्ज देण्याचे ठरले, आणि तो लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. बहुतेकांचे म्हणणे, पादचारी पूल मागावा. आम्ही घरी येऊन विचारले. आई म्हणाली, "म्हणजे गाड्या जमिनीवरून जाणार आणि म्हातारीने डोंगर चढायचा?" अर्जाचा पहिला मसुदा तिथेच फाटला.

मग आम्ही थोडे वाचू लागलो. सुरतेत मेट्रोचे भूमिपूजन 18 जानेवारी 2021 रोजी झाले. दोन मार्ग, मिळून सुमारे 40 किलोमीटर. त्यांतला भेसाण ते सारोली हा उधना दरवाज्यावरून खांबांवर जाणारा. आमचा उधन्याचा रस्ता त्यात नाही. खांबांवरची गाडी वेगवान खरी, आणि दाट वस्तीच्या शहरास ती हवीही. परंतु तीतही चढणे आलेच, आणि खाली रस्ता होता तसाच राहतो. त्याऐवजी या रस्त्याच्या मधल्या राखीव पट्टीतच रूळ घातले तर? जमिनीवरून धावणारी हलकी रेल्वे, म्हणजे नव्या बांधणीची ट्रॅमच. केंद्र सरकारने 2019 मध्ये 'मेट्रोलाइट' या नावाने तिचे मानक ठरविले, त्यात तीन डब्यांच्या गाडीत सुमारे 300 माणसे धरली आहेत. दोन रुळांच्या जोडीस सात-आठ मीटर रुंदी पुरते. अभियंत्यांच्या ढोबळ गणिताने मोटारींच्या एका मार्गिकेतून तासाला 600 ते 1,600 माणसे जातात. तीच जागा रुळांना किंवा राखीव बसला दिली तर 10,000 च्या पुढे. सचिनच्या वसाहतीत पाळी सुटल्यावर रिक्षांत दाटीवाटीने कोंबलेली माणसे ज्याने पाहिली त्यास हा हिशेब समजावून द्यावा लागणार नाही.

आम्हास मात्र त्या हिशेबापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे आकर्षण वाटले. रूळ घातलेल्या पट्टीत मोटार घालावयाचा मोह होत नाही. तिथे गवतही लावता येते, मग चाक त्यात सहसा वळतच नाही. गाडी कोठून जाणार ते रूळ आधीच सांगतात, म्हणून म्हातारे माणूसही तिचा अदमास बांधू शकते. आणि मधली पट्टी थोडी रुंद करून, बाजूच्या मोटारींची एकेक ओळ काढून ती पदपथास दिली, तर नदीचे दोन ओढे होतात. ओढा कोणीही ओलांडतो.

ही कल्पना कोणी परक्याने आणून दिली आहे असेही नाही. मुंबईत घोड्यांची ट्रॅम 1874 साली आली, विजेची 1907 साली, दुमजली 1920 साली. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्रॅम गेली, तेव्हा आमचे वडील नोकरीच्या शोधात मुंबईत होते आणि ते गर्दीत उभे होते. जाणाऱ्या गाडीस लोकांनी हात हलविले, काहींच्या डोळ्यांत पाणी आले, असे ते सांगत. मोटारींस वाट हवी म्हणून ट्रॅम काढली. वाट काही मोकळी झाली नाही. इकडे युरोपात, फ्रान्समधील स्त्रासबुर्ग शहरी, 1989 च्या नगरपालिका निवडणुकीत हाच वाद रंगला होता. दुकानदारांस भुयारी मेट्रो हवी होती, कारण तिने वरचा रस्ता मोटारींस मोकळा राहतो. कॅथरिन ट्रॉटमन या बाई जमिनीवरच्या ट्रॅमच्या बाजूने उभ्या राहिल्या, जिंकल्या, आणि नोव्हेंबर 1994 मध्ये, म्हणजे आमच्या सुरतेत प्लेग होऊन गेला त्याच सालाच्या शेवटी, तिथे ट्रॅम धावली. गावाच्या मुख्य चौकातून मोटारी गेल्या आणि माणसे आली.

हे सारे आम्ही मंडळासमोर वाचून दाखविले. शांतता पसरली. मग एका खानदेशी बुवांनी हळूच विचारले, "आणि आमच्या गणपतीचं काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुरतेत गणेश विसर्जनाच्या मिरवणुका किती मोठ्या निघतात, मूर्ती किती उंच असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. आणि ट्रॅम म्हटली की डोक्यावर विजेची तार आली. बोर्दो शहराने 2003 मध्ये जुन्या भागापुरती तार टाळून जमिनीतून वीज देण्याची सोय केली, असे आम्ही सांगितले. बुवांचे समाधान झाले नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, दुकानापुढे टेम्पो उभा करता आला नाही तर कापडाचे तागे उतरवायचे कुठे? तेही खरे. पहाटे ठरावीक वेळी माल उतरविता येईल, असे आम्ही म्हटले, पण आवाजात जोर नव्हता, कारण ती सवय लागणे किती अवघड ते आम्ही स्वतःवरून जाणतो. तिसरे म्हणाले, बसच्या मार्गिकेचीच शिस्त आपण पाळत नाही, रुळांची काय पाळणार? त्या वेळी आम्ही खाली पाहिले.

मूर्तीच्या उंचीचा विषय मात्र बैठक संपल्यावरही सुटला नाही. जोडे घालताना हरिदासबुवा, काठीवर भार देत, बुवांना म्हणाले, "तारेखालून जाईल एवढा गणपती करा की. घरचा केवढा असतो?" बुवा हसले, हो म्हणाले नाहीत.

अर्ज अखेर गेला. त्यात पूल मागितलेला नाही. चौकातला दिवा चालणाऱ्यासाठी अधिक वेळ ठेवावा, बसची मार्गिका खरोखर राखावी, आणि पुढेमागे या रस्त्याची फेरआखणी निघाली तर रूळ जमिनीवरच घालण्याचा विचार व्हावा, अशी तीन कलमे आहेत. दुसऱ्या कलमाखाली सही करताना आमचा हात थोडा अडखळला. पोच मिळाली, उत्तर यावयाचे आहे.

परवा आषाढी एकादशी. पावसाची भुरभुर होती. आम्ही म्हटले, मोटारीने वळसा घालून सोडतो. आई नको म्हणाली. आम्ही तिच्याबरोबर निघालो. अर्ध्यावर दिवा पालटला. आम्ही दोन तिकिटे काढली आणि बेटावर बसलो. तिच्या मांडीवर तुळशीची माळ. पलीकडून टाळांचा आवाज येत होता, मध्येच एखादी बस आली की बुडून जाई. पाच बसगाड्या गेल्या. मग तिने पदर खोचला आणि आमचा हात धरला.