वाई ते मेणवली

सपाटीवरच्या फेरफटक्याला आपल्याकडे मान नाहीं. नाहूरची आमची मंडळी वाईस आली कीं पांडवगडाकडे बोट दाखवितात. मी मेणवलीचा रस्ता धरतों. कृष्णेच्या वरच्या अंगाला जेमतेम कोसभर वाट, चढ असा नाहींच. पन्नाशीनंतर गुडघ्यांचेंही मत विचारावें लागतें!

निघतांना ढोल्या गणपतीला मागून पाहावें. रास्त्यांनीं १७६२ सालीं बांधलेल्या या देवळाची मागली भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचें पाणी तिच्यावर फुटून दुभंगतें.

मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा, त्यामागें घाट, आणि घाटावर देवळापाशीं टांगलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हें साल व बालयेशूला घेतलेली मेरी. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. बखरींतला विजय येथें हाताच्या अंतरावर आहे. अभिमान वाटतो, नाहीं असें नाहीं. पण त्या मातेच्या मुखाकडे पाहतांना, हिच्या नादानें वसईंत कुणाकुणाचा रविवार उजाडत असेल, हा विचार कांहीं केल्या हटत नाहीं. आणि परतीचा कोस मी मुकाट्यानें चालतों.