दिलेली तारीख

इंग्रजीतल्या ‘डेट’ शब्दाचे तीन अर्थ. इफ्तारला तोंडात घालतो तो खजूर, फळ्यावर रोज लिहितो ती तारीख, आणि तिसरा सांगताना आठवीची पोरं खिदळतात, म्हणून मी चटकन पुढं सरकतो. तो अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. भेटीचा दिवस ठरवण्यावरून निघालेला.

खजूर आणि तारीख मात्र सख्खे सोडा, चुलतसुद्धा नाहीत. खजुराचा ‘डेट’ ग्रीक ‘डाक्टुलोस’वरून येतो, म्हणजे बोट. तारखेचा ‘डेट’ लॅटिन ‘दाता’वरून, म्हणजे ‘दिलेली’. रोमन लोक पत्रावर ‘अमुक दिवशी रोम इथं दिलं’ असं लिहीत. त्या ‘दिलं’चाच पुढं दिनांक झाला. संगणकातला ‘डेटा’ही याच घरचा.

लॅटिनमधलं हे देणं आणि संस्कृतातला ‘दा’ धातू एकाच मुळाचे. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. कुरुंदवाडहून पूल ओलांडला की नरसोबाची वाडी, दत्ताचं ठाणं. पोरांना हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. व्याकरण शिकवताना असं क्वचित होतं.

आपली ‘तारीख’ अरबी. उर्दूत ती दिनांकही आणि इतिहासही. उर्दूवाली मुलं ‘तारीख का पर्चा’ म्हणतात तेव्हा इतिहासाचा पेपर असतो. मराठीनं दिनांक ठेवला, कोर्टाची तारीख ठेवली, इतिहासाला ‘तवारीख’ वेगळी काढली.

अब्बांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४९ आहे. दादी सांगायची, मोहरमचे पंजे बसले त्या रात्री हा झाला. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो. मी हिशेब केला. १९४९ साली मोहरम लागला ऑक्टोबरच्या अखेरीस. म्हणजे दादी आणि दाखला, दोघांपैकी एकच खरं. वर्षही खरं असेलच असं नाही.

त्या काळी शाळेत घालताना जन्माचा कागद कोण नेणार? मास्तर पोराकडं बघून वय ठरवायचे. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून लिहायचे १ जून. महाराष्ट्रात त्या पिढीतले असे किती निघतील! आमच्या गल्लीतच मी अकरा मोजले, त्यात मुसलमान सहा.

हल्ली कागदपत्रांच्या तपासणीची बातमी लागली की अब्बा कपाटातून दाखला काढतात, चष्मा लावून बघतात, पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट सगळीकडं तोच १ जून जुळतो का, एवढंच मला विचारतात. परवा रोमन पत्रांची गोष्ट सांगितली तर हसले. म्हणाले, “मास्तरनंच दी थी बेटा, मैंने ली.” मग विचारलं, “पासपोर्ट पे बराबर है ना?”