लोकस्ट स्ट्रीटवरून

न्यू यॉर्कहून निघालेली आमची आगगाडी ट्रेंटनपाशी डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या मुलुखात शिरली आणि दुपारच्या सुमारास फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्थानकाच्या भव्य दालनात मला उतरवून वॉशिंग्टनच्या दिशेने निघून गेली. या शहरी येणारा परदेशी पाहुणा प्रथम ती तडा गेलेली स्वातंत्र्यघंटा पाहावयास जातो, व ते उचितच आहे. परंतु ज्या ओबोवादकाचे स्वर जुन्या ध्वनिमुद्रिकांतून ऐकत माझे तारुण्य गेले, त्या मार्सेल ताब्यूतो यांची कर्मभूमी जो लोकस्ट स्ट्रीट, तो पायी चालून पाहणे एवढेच माझ्या प्रवासाचे प्रयोजन होते.

रिटनहाऊस स्क्वेअरच्या दाट झाडीसमोर, अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, कर्टिस संगीतसंस्थेची इमारत आहे. पूर्वी हा ड्रेक्सेल या पेढीवाल्या घराण्याचा वाडा होता. 1924 साली मेरी लुईस कर्टिस बोक या दानशूर बाईंनी संस्था काढली आणि 1928 पासून तेथे कोणत्याही विद्यार्थ्याकडून फी घेतली जात नाही. ताब्यूतो आरंभापासूनच येथे शिकवीत. 1887 साली फ्रान्समधील काँपिएन्य गावी जन्मलेला, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेत्वारमध्ये जॉर्ज जिले यांच्यापाशी घडलेला हा तरुण 1905 साली वॉल्टर डॅम्रॉश यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेत आला, पुढे मेट्रोपोलिटन ऑपेरात तोस्कानिनींच्या हाताखाली वाजवू लागला, आणि 1915 साली स्टोकोव्स्कींच्या फिलाडेल्फिया वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादकाच्या जागी नेमला गेला, तो 1954 पर्यंत.

त्यांच्या शिकवणुकीचे मर्म मला असे वाटते, की स्वर हा स्थिर पदार्थ नसून तो कोठून तरी निघून कोठे तरी चाललेला असतो, व ही गती श्रोत्यास जाणवली नाही तर शुद्ध सूरसुद्धा निर्जीव राहतो. ही गोष्ट सर्वच थोर गायकवादकांना अंतःप्रेरणेने ठाऊक असते. ताब्यूतोंचे असाधारणत्व यात, की त्यांनी ती अंकांनी शिकविली. एकाच स्वरास एकापासून चढत्या अंकांनी तीव्रतेच्या पायऱ्या नेमून द्यावयाच्या, प्रत्येक पायरी श्वासाने गाठावयाची, तशीच उतरावयाची, आणि हे साधल्यावाचून मोठ्या रचनांची नावे काढावयाची नाहीत, हा त्यांचा शिरस्ता. अंक मांडल्याने कला रुक्ष होते असा आक्षेप घेणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. तालाच्या मात्रा मोजणाऱ्या आपल्या मुलुखात तरी तो घेतला जाऊ नये.

गुरू म्हणून ते कठोर होते, कित्येकदा निष्ठुर. कर्टिसमधून ओबोची पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणजे त्यांची शिष्या लायला स्टॉर्च; तिने गुरूच्या निधनानंतर साडेतीन तपांच्या आसपास काळ लोटल्यावर, 2008 साली, त्यांचे जे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच अळंबी नीट सोलता न येणाऱ्यास ओबो कसा वाजविता येईल, असा दस्तुरखुद्द ताब्यूतोंचा सवाल आहे. आणि तो सवाल अगदी खरा आहे. आपल्या सनईप्रमाणेच ओबोचा प्राण दुहेरी पत्तीत असतो, आणि वादकास ती स्वहस्ते घडवावी लागते: फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोरूसारख्या नळीचे उभे तीन भाग करावयाचे, त्यांतला एक भाग आतून कोरून सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड ठेवावयाचा, दुमडून लहानशा धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळावयाचा, आणि मग चाकूने असा तासावयाचा, की एक ओझरता हात जास्त पडला तर तासन्‌तासांची मेहनत वाया जावी. एवढे करून ती पत्ती थोड्याच दिवसांत थकते. फ्रेंच पत्तीचे छोटे तासकाम सोडून लांबवर तासलेली जी पत्ती आज अमेरिकेत सर्वत्र दिसते, तिच्या घडणीत ताब्यूतोंचा वाटा सर्वांत मोठा आहे.

कर्टिसपासून पूर्वेस चार चौक चालले की ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर 1857 सालची ॲकॅडमी ऑफ म्युझिक, ताब्यूतोंच्या वाद्यवृंदाचे तेव्हाचे सभागृह, लागते. दहा मिनिटांचीही वाट नव्हे. तिच्या एका टोकाला शिकविलेले दुसऱ्या टोकाला त्याच आठवड्यात रंगमंचावरून ऐकावयास मिळणे, हे त्या विद्यार्थ्यांचे केवढे भाग्य! न्यू यॉर्क आणि बॉस्टन येथील प्रमुख ओबोवादकांच्या जागा हॅरल्ड व राल्फ या गॉम्बर्ग बंधूंनी दीर्घकाळ भूषविल्या, क्लीव्हलंडची जॉन मॅक यांनी. तिघेही याच घराण्याचे.

चौथे जॉन द लान्सी. 1945 साली अमेरिकी फौजेतील हा तरुण गार्मिश येथे वृद्ध रिचर्ड स्ट्राऊसना भेटला आणि आपण ओबोसाठी कॉन्चेर्तो लिहिणार का, असे त्याने विचारले. उत्तर नकारार्थी आले. परंतु कॉन्चेर्तो लवकरच लिहून झाला. पुढे अमेरिकेतील पहिल्या वादनाचा मान त्याला द्यावा अशी स्ट्राऊसची इच्छा असता, तो फिलाडेल्फियात ताब्यूतोंच्या हाताखालचा वादक ठरल्यामुळे ज्येष्ठतेच्या कायद्याने ती संधी हुकली. ही हकीकत मला आजही दुखावते. गुरूने तेथे औदार्य दाखवावयास हवे होते, असे त्यांच्यावरील साऱ्या भक्तीसह मी म्हणतो.

ताब्यूतो 4 जानेवारी 1966 रोजी नीस येथे निवर्तले. वाद्यवृंदात त्यांच्या जागी द लान्सी, त्याच्यानंतर त्याचा शिष्य रिचर्ड वुडहॅम्स, अशी प्रमुख ओबोवादकाची ती खुर्ची 2018 पर्यंत एकाच परंपरेत राहिली. 2020 पासून तेथे पुन्हा एक फ्रेंच वादक, फिलीप तोंद्र, आला आहे.

संध्याकाळी ॲकॅडमीच्या एक चौक दक्षिणेस असलेल्या वाद्यवृंदाच्या नव्या सभागृहातील मैफल संपल्यावर शेजारच्या एका वयस्क बाईंनी खेदाने सांगितले, की जुना गडद नाद आता लोपला. मी म्हणालो, ताब्यूतोंनीसुद्धा आपल्या गुरूचा नाद जसाच्या तसा ठेवला नव्हता. त्यांचा वारसा नादात नव्हे, स्वराच्या वाटचालीत शोधावा. बाईंना ते पटले नाही. नाद गेला तर वाट कशाने ऐकू यावी, असे त्यांनी मला विचारले, आणि त्यांची बस येईपर्यंत ब्रॉड स्ट्रीटच्या पदपथावर आमचा वाद चालू होता.